शिट्टी

दारव्ह्याच्या शेडात आता बकऱ्या बसतात.
खड्ड्यात, जिथून बाप इंजिनाचं पोट पाहायचा,
तिथं तरोटा वाढलाय कमरेएवढा.

सात वर्षं पत्रं लिहिली मी :
भंगारवाल्याला, मुंबईच्या गोदीला,
जहाजाच्या कंपनीला, जी कधीच बुडाली होती.

परवा इंग्लंडहून फोटो आला.
हिरवा रंग, पितळ झळझळीत.
पायरीखाली मात्र तसंच, छिन्नीनं कोरलेलं :
डोमाजी फायरमन.
आडनावाला वेळ मिळाला नसावा,
सिग्नल पडला असेल.

खाली त्यांचा प्रश्न, मोठ्या अदबीनं :
सगळं सापडलं, मूळ शिट्टी तेवढी नाही.
आपल्याला काही माहीत?

माय म्हणाली, लिहून दे, नाई म्हणून.
आणि ज्वारीच्या कोठीमागून काढून
चिंचेनं घासत बसली.