आडनावाच्या रकान्यात

आग्र्याची गाडी पाच तास लेट.
पडावच्या आमच्या हॉटेलात ती बाई शिरली तेव्हा
रात्रीचे पावणेदोन, आणि ग्वाल्हेरचं धुकं
तिच्यामागून थेट काउंटरपर्यंत आत.
मी मफलर सोडला. पासपोर्ट मागितला.

परदेशी पाहुण्याचा एक फॉर्म असतो,
चोवीस तासांत पोलिसांकडे जायला हवा.
नाव : हेडविग.
आडनाव : फ्रायइन फॉन ड्रेवेनित्स.
इथं संगणक अडला.
तीन शब्द, मधे दोन मोकळ्या जागा,
आणि रकान्याला मोकळी जागा चालत नाही.

यातलं आडनाव कुठलं, मॅडम?
सगळंच.
फ्रायइन म्हणजे?
सरदाराची लेक, तसं काहीसं.
मग ही पदवी झाली.
होती, ती म्हणाली. शंभर वर्षांपूर्वी कायदा झाला,
मान काढून घेतला, हक्क काढून घेतले,
शब्द तेवढे नावाला शिवून दिले.
(म्हणजे आपला जोशी. पंचांग येतंच असं नाही.)

भुरेलाल चहा घेऊन उभा होता,
त्याला एवढंच कळलं.
आत ओरडून आला : मॅडमसाठी एक दाल फ्राय.

आणि फॉन?
तिनं बोट खांद्यावरून मागे नेलं : तिथली. तिथून.
म्हणजे कर! मी छातीवरची पट्टी दाखवली,
पी. हिवरेकर.
तुमचं ते गावाच्या पुढे चालतं, भालदारासारखं,
आमचं मागून येतं, पडशी सांभाळत.
आणि आमच्यात ते न्हाव्यालाही मिळतं, सोनारालाही.
ती हसली. स्वस्त आहे, म्हणाली.

हे तिला सांगितलं नाही :
आजोबांच्या सनदेवर नाव साडेतीन ओळींचं,
श्रीमंतपासून निघालेलं, बहादूरपाशी दमलेलं,
मधे कुठंतरी मानाजी, भातातल्या खड्याएवढा.
आमच्याकडे कुणी शिवून दिलं नाही. कात्रीच चालली.
वडिलांच्या विजेच्या बिलावर उरलं ते एम. राव.
राव ही पण पदवीच की,
पण इथल्या बाबूला ते आडनाव वाटलं
म्हणून वाचली.

चुलतभाऊ अजून लग्नपत्रिकेवर श्रीमंत छापतो,
मोरार रोडला प्लॉटची दलाली करतो,
दसऱ्याला पगडी चढवतो. मग वर्षभर ती कपाटावर,
बंद पडलेल्या मिक्सरशेजारी.
मी हसतो त्याला.
पण मागच्या महिन्यात बाड्यावर
एका म्हाताऱ्या गजकवाल्यानं, चेहरा नीट बघून,
मला सरकार म्हटलं
आणि मी सुटे परत घ्यायचे विसरलो.
विसरलो नाही.
मागता आले नाहीत.

गाव कसं आहे तुमचं? मी विचारलं.
पाहिलं नाही. ते आता पोलंडात आहे,
नाव वेगळं आहे. नेटवर ड्रेवेनित्स शोधलं
तर माझ्या भावाचा दातांचा दवाखाना निघतो.
तुमचं?
साताऱ्याकडे कुठंसं.
हिवरे नावाची गावं बरीच आहेत म्हणे,
आमचं कुठलं, ते विचारायचं राहून गेलं
अडीचशे वर्षं.

शेवटी मी दोन्ही मोकळ्या जागा पुसल्या,
शब्दाला शब्द भिडवला.
संगणकानं मुकाट्यानं घेतलं.
मग रजिस्टर पुढे सरकवलं, तिथं हातानंच लिहायचं.
कुठून आलात, असा रकाना.
तिचं पेन जरा थबकलं.
आग्रा, तिनं लिहिलं.

दोनशे चारची चावी दिली.
दाल फ्राय आली तेव्हा ती झोपली असावी.
परत घ्यायला किचनमध्ये कुणी जागं नव्हतं,
मीच खाल्ली, उभ्या उभ्या, गरम होती तोवर.