मूळ ठिकाण

पंचनाम्यात एक रकाना असतो, मूळ ठिकाण.
ढेबेमामांनी तिथे लिहिलं: वारजे.
तसं खोटं नव्हतं.
बंद फ्लॅटच्या बाल्कनीत सापडली ती,
पाण्याची वाटी कोरडी, गोवंडे मुलाकडे मस्कतला;
डोकं लालभडक, पोट जांभळं,
लग्नातला शालू कुणी दांडीवर विसरावा तशी.

डॉक्टर मुजावरांनी वारजे खोडलं
आणि एका बेटाचं नाव घातलं.
मामांनी नकाशात शोधलं.
त्यांच्याच अंगठ्याखाली झाकलं जात होतं.

या जातीत नर हिरवा, मादी लाल.
गोऱ्या साहेबांनी म्हणे शंभरेक वर्षं
नवरा-बायकोला दोन जातींचे समजून
वेगवेगळी नावं दिली होती.
मामा म्हणाले, आमच्या घरी अजून तसंच आहे.

तिकडे मादी एकदा ढोली धरली की
महिनोन् महिने सोडत नाही.
चार-चार नर फळं आणून भरवतात.
आता तिथली जुनी झाडं
लाकडाच्या भावाने मोजतात.
इथे तिने तिसऱ्या दिवशी शोधलं
अडगळीतलं गीझरचं पिंप.
आत शिरली. बाहेर फक्त काळी चोच.

संध्याकाळी आपले कीर येतात, मुठेवरून,
शिरीषावर नुसता कल्ला.
त्यांना पाळणं गुन्हा.
हिला पाळायला फॉर्म आहे,
तो गोवंड्यांनी भरला नव्हता.
त्यांच्या ओरड्याला ती उत्तर देत नाही.
नंतर, अंधार पडल्यावर, हळूच काढते
कुकरच्या तीन शिट्ट्या,
आणि गॅस बंद केल्याचा टक.

परत पाठवता येत नाही, इथे सोडता येत नाही.
मामा म्हणाले, म्हणजे पोपट झाला.
मग स्वतःच गप्प झाले.

आज पिंपात अंडं.
मोबाइलच्या टॉर्चवर धरलं.
शीर नाही, ठिपका नाही, नुसता पिवळा उजेड,
गावाला जाताना कुणी दिवा चालू ठेवल्यासारखा.
काढून घेतलं तर पुन्हा घालेल
हाडांतला चुना खर्चून,
म्हणून होतं तिथेच ठेवलं.
तिने मान तिरकी करून खात्री केली.

रजिस्टरात 'संख्या' पुढे
काय लिहावं, सुचेना.
वर पाहिलं तर मामा,
बायकोने विणलेला पोपटी स्वेटर घालून
पिंपाच्या तोंडाशी उकिडवे,
पेरूची फोड धरून, कधीचे.