हात वर

ठराव वाचायला चार मिनिटं लागली.
लीजन हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं पिंप,
भिंतीवर कापडी हत्ती, एका कोपऱ्यात टाका उसवलेला,
आणि टॅलमन काउंटीचे आम्ही वीस निष्ठावंत
टोप्या मांडीवर ठेवून.

वेंडेल श्राग आला नव्हता.
ठराव त्याच्याविषयीच होता:
की त्यानं टोपिकाला जाऊन नकाशाविरुद्ध मत दिलं,
की नकाशा आपला होता,
की आपल्याच माणसानं आपल्याच नकाशाला नाही म्हणणं
म्हणजे
(इथं हार्टझलरनं पान उलटलं).

नकाशा मी पाहिला होता.
नदीपाशी येऊन रेघ एकदम वळते,
मांसाच्या कारखान्यामागची वस्ती
अर्धी इकडे, अर्धी तिकडे करते
आणि पुन्हा सरळ चालू लागते,
चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखी.
एलेव्हेटरपाशी गहू उतरवताना वेंडेल एवढंच म्हणाला,
"हेच त्यांनी आपल्याला केलं असतं तर, रॉस,
तू काय म्हणाला असतास?"
मी म्हणालो, ओल किती निघाली ते बघ आधी.

ज्या जूनमध्ये विचिटाच्या इस्पितळात
माझी छाती उघडून ठेवली होती,
त्याचं कंबाइन माझ्या शेतात रात्री दोनपर्यंत फिरलं.
त्याचा स्वतःचा गहू उभाच होता, गारांनी झोपवला.
डिझेलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.
ठरावात हे नव्हतं.
ठरावात हे येत नसतं.

पण पक्ष म्हणजे काय, हे मला विचाराल तर
माझ्या वडिलांची पेटी ज्या सहा जणांनी उचलली
ते सहाही याच हॉलमधले.
बर्फात गाडी रुतली की मी ज्यांना फोन करतो,
ज्यांच्या पोरांच्या लग्नांत माझा एकच सूट झिजला,
ते सगळे इथं बसलेत, डावीकडे, उजवीकडे.
तत्त्व एकट्याला सांभाळता येतं म्हणतात.
असेल.
पेटी एकट्याला उचलता येत नाही.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

आम्ही हात वर केले.
दोन्ही अर्थांनी.
माझा उजवा कोपर बेलरच्या त्या अपघातापासून
खांद्याच्या वर जात नाही,
कपाटातली साखर मला बायको काढून देते.
त्या रात्री गेला. कुरकुर न करता.

ओपल क्रेगर लिहीत होती.
एकतीस वर्षं चिटणीस, तेच निळं पेन, तीच तिरकी अक्षरं.
"ओपल, तुझं?" हार्टझलर म्हणाला.
"लिहितेय."
"नाही, मत विचारतोय."
"तेच लिहितेय."

कुणी खोकलं. पिंपाचा नळ थेंब थेंब गळत होता.

ती काही तिकडची झालेली नाही, गैरसमज नको.
तिच्या अंगणात झेंडा आहे, दाराआड बंदूक आहे,
आणि सरकार लहान असावं असं म्हणणाऱ्यांत
आमच्यातली सर्वांत जुनी तीच.
फक्त तिला वाटतं,
ते आपल्या हातात आलं तरी लहानच राहावं.

एकोणीस विरुद्ध एक.
मग तिनं वही मिटली, ओव्हनमधून रूबार्बचा पाय काढला,
वीस तुकडे केले,
आणि एक एकविसावा,
फॉइलमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकला.
कुणासाठी ते कुणी विचारलं नाही.
मी माझा तुकडा संपवला. चांगला झाला होता.

मंगळवारी काउंटी रोडवर समोरून वेंडेलचा ट्रक आला.
धूळ, उन्हात काच, त्यामागे त्याची टोपी.
इथं सगळेच करतात तसं त्यानं केलं:
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली.
ठराव त्याला पोस्टानं मिळाला असणार,
टॅलमनची पोस्ट एका दिवसात पोचते.

मी हात वर करायला गेलो.
कोपर खांद्यापाशीच अडला.
तोवर आरशात नुसती धूळ होती,
आणि मी बराच वेळ, पुलापर्यंत,
तो चोळत राहिलो.