कान एकदाच कापतात

सोमवारी पहाटे कुठल्याशा जहाजाच्या नांगराने
समुद्रतळाची केबल ओढली
आणि आमचं बेट एका झटक्यात
पुन्हा नुसतं बेट झालं.

मी रात्रपाळीहून आलो होतो.
हातांना सॅल्मनचा वास, अंगठ्यावर सुरीची ताजी चीर.
कॉफी ओतली, खुर्ची ओढली, खेळ लावला.
करड्या चौकटीत एकच ओळ:
संपर्क होत नाही. आपली ओळख पटलेली नाही.

माझी ओळख!
व्हागुरमध्ये मी दारात बूट झटकले तरी
बेकरीतली मार्यून आतूनच म्हणते, बेनिर आला वाटतं.
बोटीवरचा तिकीटवाला मला तिकीट मागत नाही,
माझ्या आजोबांची उधारी मात्र अजून मागतो.

बरं, खेळ एकट्याचा.
एक माणूस, बर्फातला एक किल्ला, एक म्हातारा कुत्रा.
चौथं कुणी त्यात नाही, लागतही नाही.
तरी दर काही मिनिटांनी तो पाण्याखालून
दूरच्या एका शहरात जाऊन विचारून येतो:
हा अजून चोर झालेला नाही ना?

तोरिल्दने फोनवर शिव्या घातल्या.
ती शाळेत गणित शिकवते; शिव्याही मोजून घालते,
त्या दिवशी मोजायची विसरली.
हाल्गिर म्हणाला, पैसे परत मागू.
कसे मागायचे?
अर्ज ऑनलाइन आहे.
ओलुफकाका काहीच बोलले नाहीत.
वीस वर्षांपूर्वीची ओरखडलेली डिस्क त्यांनी डब्यातून काढली,
शर्टाला पुसली, आत सरकवली.
ती घरघरली, खोकली,
आणि कुणालाही न विचारता फिरायला लागली.

बुधवारी दान्यालकडे गेलो.
माझा चुलतभाऊ. या पठ्ठ्याने आजवर
एकाही खेळाला दमडी मोजलेली नाही.
त्याच्या पडद्यावर तोच किल्ला, तोच बर्फ, तोच कुत्रा,
आणि दारं सताड उघडी,
कुणीतरी आधीच बिजागऱ्यांसकट उखडून ठेवलेली.
"ये ना," तो म्हणाला, "बस. चिप्स घे."
मी बसलो.
विकत घेतलेल्या माझ्या खेळात तो कसा हिंडतो ते
दोन तास पाहिलं.
चोराला सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.
संन्याशी मी नाही म्हणा,
पण पावती आहे माझ्याकडे.

रात्री आईला सगळं सांगितलं.
तिला खेळ कळत नाहीत. मेंढ्या कळतात.
लोकर विंचरता विंचरता तिने विचारलं,
"म्हणजे रोज कान तपासतात?"
"रोज नाही गं. दर घटकेला."
ती हसली नाही.
"आपण कोकराचा कान एकदाच कापतो," म्हणाली,
"आपल्या घराची खूण, डाव्या कानाला दोन खाचा.
मग ती उन्हाळाभर डोंगरावर, धुक्यात,
दिसतही नाही आपल्याला.
शरद आला की हाकून आणतो.
कान बघतो. आपली ती आपली."
थोड्या वेळाने, लोकरीशीच बोलल्यासारखं:
"रोज कान ओढला तर मेंढी चरेल कधी?"

शनिवारी दुपारी केबल सांधली गेली.
गावातले सगळे फोन एकदम किणकिणले,
चर्चमध्येसुद्धा, एका लग्नाच्या मध्यात.
मी ठरवलं होतं, आता नाही खेळायचं.
ठरवलेलं साडेचारपर्यंत टिकलं.

किल्ल्यात मशाल मी सोडली तिथेच जळत होती.
कुत्रा उठला, अंग झटकलं, शेपूट हलवली;
त्याला काही पुरावा नको होता.
पडद्याच्या कोपऱ्यात मात्र ते बारीक पांढरं चक्र
फिरलं, थांबलं,
फिरलं, थांबलं.

खेळलो मी. खोटं कशाला सांगू,
आवडतो मला तो खेळ.
उजाडेपर्यंत खेळलो.
मध्येच एकदा लक्षात आलं,
माझा एक हात माउसवर आहे
आणि दुसरा केव्हापासून
डावा कान चाचपतो आहे.