पितळ उघडं

बसच्या पायरीवर खोकं टेकवलं की
ड्रायव्हर विचारतो, "ट्यूबा का हो, बाई?"
मी नाही म्हणते. तिकीट काढते.
खोक्यालाही एक सीट लागते,
त्यावरून एका म्हातारीने मला एकदा
भर डिसेंबरात फैलावर घेतलं होतं.

ट्यूबा हा याचा थोरला भाऊ,
दारातून येताना आधी पोट आत आणणारा.
फ्रेंच हॉर्न, लांबची श्रीमंत चुलतबहीण.
ट्रॉम्बोनला सगळेच ओळखतात,
तो आपणहून हात पुढे करतो.
आमचं हे यूफोनियम.
ग्रीक भाषेत म्हणे, गोड गळ्याचं.
नाव सोनूबाई, आणि हाती
सव्वाचार किलो पितळ.

मंगळवारी साडेसातला आम्ही जमतो
मेथडिस्ट चॅपलच्या मागच्या खोलीत.
खाण बंद होऊन माझं अर्धं आयुष्य झालं,
बँडच्या नावातून ती अजून निघालेली नाही.
कोळशात उतरलेला आता एकच उरलाय, ढोलावर.
बाकी आम्ही: एक खाटीक, दोन शिक्षिका,
दातांना तारा लावलेली चौदा वर्षांची टॅम्सिन,
आणि औषधांच्या दुकानातली मी.
हीटर वाजतो तो कधीच तालात नसतो.

कॉर्नेटांना धून मिळते, ट्यूबांना जमीन.
मला मधलंच काहीतरी:
कॉर्नेट श्वास घेतात तेव्हा
जी पोकळी पडते तिच्या खालून वर यायचं,
आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत
पुन्हा खाली बसायचं.
हे जमायला अकरा वर्षं लागली.
कथबर्ट म्हणायचा, फुंकू नकोस गं,
थंडीत काचेवर नाव लिहायला
आधी वाफ धरतेस ना, तसं.

वाद्य बँडचं. माझ्याआधी ते
कथबर्टच्या भावाकडे होतं, नॉरिसकडे.
मी त्याला पाहिलेलं नाही.
त्याच्या डाव्या तळव्याने
चांदीचा मुलामा झिजवत नेला,
तिथे पितळ उघडं पडलंय, पंजाएवढं.
माझा हात लहान.
ठेवला तरी कडेने त्याचा उरतोच.

ऑक्टोबरात कथबर्टकडे गेले,
टेकडीवरच्या त्या वृद्धाश्रमात,
जिथे दुपारी तीनलाच दिवे लावतात.
दारावरची पोरगी म्हणाली, "अय्या, सॅक्सोफोन!"
तो खिडकीशी होता. सख्ख्या मुलीला
ओळखत नव्हता, चमच्याला काय म्हणतात
ते आठवेना म्हणून सूप थिजत होतं.
मी खोकं उघडलं.

"यूफोनियम," तो म्हणाला.
लगेच. थोडा चिडूनच.
मग वर पाहिलं.
"नॉरिस, पोचा काढून घेतला नाहीस ना अजून?"

मी बावन्न वर्षांची बाई, कानात मोती.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी
वाद्याचं नाव न सांगता बरोबर घेतलं होतं.
माझं चुकलं तर चुकलं.
"शनिवारी नेतो," मी म्हणाले.

मग वाजवलं, त्यानेच शिकवलेलं एक जुनं भजन,
चॅपलमध्ये कुणी गेलं की म्हणतात ते.
पांघरुणावर त्याचं एक बोट चालत होतं.
तिसऱ्या ओळीला ते बोट उभं राहिलं:
जास्त झालं.
मी वाफेवर आणलं.
भिंतीपलीकडून कुणी ओरडलं,
"बंद करा तो ट्रॉम्बोन!"
त्यावर कथबर्टने जी शिवी दिली
ती खाणीतली होती, आणि एकही शब्द विसरलेली नव्हती.

शेवटी पाण्याची कळ दाबली.
आतला श्वास थेंबाथेंबाने फरशीवर आला.
तो वाकून बघत राहिला.
"पूर्वी याच्या दुप्पट सांडायचास," म्हणाला.
मला उत्तर सुचेना.
तेवढ्यात ती पोरगी फडकं घेऊन आली,
आणि आम्ही दोघांनी पाय वर घेतले.