घर क्रमांक तीन

पहिल्या वर्षाला मला पाच घरं मिळाली,
तांडापेठेतली, हजेरी क्रमांकाप्रमाणे.
वहीवर छापलं होतं : कुटुंब दत्तक.
मी तेव्हा एकोणीस वर्षांची,
मेसचे पैसे महिन्याच्या सात तारखेला बाबांकडे मागणारी.

बारापात्रे सर बसमध्ये उभं राहून सांगायचे,
प्रश्न विचारलात की पेन खाली ठेवा.
पेन दिसलं की माणूस उत्तर देतो, बोलत नाही.
मागच्या सीटवर आम्ही
पाण्याच्या बाटल्या मोजत होतो. मार्च होता,
आणि नागपूरचा मार्च कुणाचं ऐकत नाही.

तिसऱ्या घरात भागरथा हेडाऊ.
वय विचारलं तर म्हणाली,
"लिही साठ. मागच्या पोट्टीनं पासष्ट लिवलं,
तिचंबी खोटं नाही."

खोलीच्या मधोमध मागाचा खड्डा,
वर फळ्या, आत कांदे.
मी रकाना वाचला : व्यवसाय?
"होता," ती म्हणाली.
त्याला चौकोन नव्हता.
"अन् तुया बाप काय करते वं?"
विट्याला असतात. यंत्रमागावर. रात्रपाळी.
कूलर तेवढा घरघरत राहिला.
"म्हणजे आमचा माग तुया बापानं खाल्ला,"
भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसं म्हणाली,
आणि सुनेला आत हाक मारून,
"साखर जास्तीची टाक, दूरची पोट्टी आहे."
पेन माझ्या हातातच होतं.

रक्तदाब एकशे सत्तर, शंभर.
दवाखान्यातून तीस गोळ्या, रोज एक.
पुढच्या महिन्यात एकशे अडुसष्ट.
"गोळ्या घेता ना आजी?"
"घेतो ना बाप्पा."
पाकिटं मोजली. तीसच्या तीस
पंधरा दिवसांत संपलेल्या.
मला मुलाचा संशय आला. मी तसं वहीत लिहिलंही,
पेन्सिलीनं.

मग एकदा दुपारी एकटीच गेले,
सर नाहीत, बस नाही, अ‍ॅप्रन पिशवीत.
मागच्या भिंतीवरून एक हात आलेला,
हिरव्या काचेच्या बांगड्यांचा,
त्यात अंबाडीच्या भाजीची वाटी.
भागरथाबाईंनी वाटी घेतली
आणि त्याच तळव्यावर गोळी ठेवली.

गिरजा धकाते.
मुलगा बुटीबोरीला, कार्डही त्याच्याबरोबर.
पाहणीच्या दिवशी दाराला कुलूप होतं,
म्हणून ती कुणाच्याच पाचांत नाही.
"पंधरा दिस दोघी चांगल्या,
पंधरा दिस दोघी खराब.
मी एकटी चांगली राहून करू काय?"

औषध नियमित घेतात : होय / नाही.

मला वाटलं सरांना हे आवडेल.
ते चिडले. अशानं दोघी जातील, म्हणाले,
आणि सोमवारी दवाखान्यात
माझ्या आधी येऊन रांगेत उभे होते.
तीन सोमवार गेले. एकदा आधार नाही,
एकदा सर्व्हर नाही, एकदा गिरजाबाईच नाहीत,
नात आजारी म्हणून बुटीबोरीला.
चौथ्या सोमवारी कार्ड झालं.
पेन्सिलीचं खोडलं, पण नीट जात नाही ते,
उजेडात धरलं की वाचता येतं.

परवा गेले तर दोघी शेजारी बसलेल्या,
गिरजाबाई स्वतःचा पाट घेऊन.
मी पट्टा भागरथाबाईंच्या दंडाला गुंडाळू लागले.
"पहिले तिचं घे."

रात्री हे सगळं बाबांना सांगितलं.
ते पाळीवर निघालेले,
मागे मागांचा आवाज नव्हता अजून.
गोळ्यांबद्दल काही बोलले नाहीत.
म्हणाले, त्या खड्ड्यात पावड्या शिल्लक आहेत का गं?
मला माहीत नव्हतं.
पुढच्या वेळी जाशील तेव्हा, म्हणाले,
कांदे जरा बाजूला करून बघ.