वेदरबा

कुसमळीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला
जांभळीखाली एक दगड आहे, कमरेएवढा.
त्याच्यापुढे चपला असतात. कोऱ्या.
कधी गोव्याला निघालेला एखादा ट्रकवाला
पायातले बूट ठेवतो
आणि अनवाणीच क्लच दाबतो.
नवस कसला, विचारू नये.

वेदरबा म्हणतात. काहीजण वेतोबा.
रस्ता रुंद झाला तेव्हा मोजणीवाल्याने
कानडीत लिहून घेतलं, 'देवस्थान, एक',
आणि नारळ फोडून
दगड चार हात मागे घेतला.

आज्जाने तो पुरला तेव्हा त्यावर
'वेदरबी सायब' असं कोरलेलं होतं.
नंदगडच्या पाथरवटाने सात अक्षरांचे पैसे घेतले.
चार शेवाळाने खाल्ली.
उरलेल्या तिनांना लोकांनी 'बा' जोडला.

हवालदार भरमा कणबरकर, मराठा पलटण.
इटलीतल्या त्या नदीचं नाव
त्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.
पाणी थोडं, चिखल फार, एवढंच सांगायचा.
साहेबाने तिघांना आणलं, एकेकाला, खांद्यावर.
पहिल्याच खेपेला चिखलाने बूट ठेवून घेतले.
आज्जा तिसरा.
डोकं खाली लोंबत होतं, त्यामुळे
साहेबाचा चेहरा त्या रात्री दिसलाच नाही.
दिसल्या त्या टाचा.
गोऱ्या असतील; चिखलात काय कळतंय.
फुटलेल्या होत्या, आपल्यासारख्याच.
चौथ्यांदा तो गेला...
इथे आज्जा तंबाखू मळायला घ्यायचा.

छातीवर मिलिटरी क्रॉस होता त्याच्या,
पण तो आफ्रिकेतल्या वाळूचा.
नदीचं पदक नाही.
लिहून द्यायला शुद्धीवर कोण होतं?

आज्जाचा धाकटा भाऊ, मष्णू,
बेचाळीसला हिंडलग्याच्या तुरुंगात होता.
'गोऱ्याला शेंदूर लावतोस?' म्हणून
सोळा वर्षं भावाशी बोलला नाही.
आज्जा गेला त्या दिवशी मात्र
मष्णूने खानापुरातून कोल्हापुरी आणली,
दगडापुढे आपटली, म्हणाला,
'घाल. तुझ्यापायी भाऊ घरी आला.'

मी दरवर्षी खडेबाजारात जातो.
दुकानदार विचारतो, नंबर?
दहा, मी म्हणतो. अंदाजच.
आज्जा दोन्ही तळहात लांब धरून दाखवायचा, तेवढा.
कुणासाठी?
घरच्याच माणसाला.
तो खोका बांधता बांधता म्हणतो,
'बसली नाही तर बदलून देऊ,
त्यांनाच घेऊन या.'